‘तास’ कुठून आला?

शाळेच्या वेळापत्रकात पहिला तास गणिताचा असतो आणि तो पस्तीस मिनिटांत संपतो. त्याच तासाला फळ्यावर मात्र ‘१ तास = ६० मिनिटे’ असे लिहिले जाते. मुलांना याचे काही वाटत नाही. एका शब्दाचे दोन अर्थ असतात हे त्यांनी केव्हाच पत्करलेले असते. महाविद्यालयात ‘तासिका तत्त्वावर’ शिकवणाऱ्यांची तासिका ही आणखी वेगळी. घटिकेच्या चालीवर घडवलेला हा शब्द सरकारी कागदांतून आला आणि रुजला.

बीड जिल्ह्यातल्या मुलांजवळ याखेरीज एक घरचा अर्थ असतो. पाभरीने पेरलेल्या दोन तासांत किती अंतर सोडायचे हे त्यांना पाठ असते. नांगराच्या फाळाने जमिनीत उठलेली चर म्हणजे तास. ट्रॅक्टर आणि जेसीबी तासावर ठरवतात तो तास निराळा. (ऊसतोडणी मात्र तासावर नसते, ती टनावर असते. पहाटे तीनला फडात उतरणाऱ्या जोडप्याचे तास कोणी मोजत नाही.) शेतातल्या तासाचे नाते ‘तासणे’ या क्रियापदाशी आहे, त्याच्या मुळाशी संस्कृतातला ‘तक्ष्’ हा छिलणे, कापणे या अर्थाचा धातू आहे. घड्याळातला तास या घराण्यातला नव्हे. दोघांचे रूप सारखे झाले, एवढेच.

मग घड्याळातला तास कुठला? त्याच्याकडे वळण्याआधी त्याच्या इंग्रजी जोडीदाराची, म्हणजे ‘अवर’ या शब्दाची चौकशी करू. त्याच्याबद्दल एक गोष्ट वारंवार सांगितली जाते आणि शिक्षकही ती वर्गात सांगतात. ती अशी की ‘अहोरात्र’ या संस्कृत शब्दातले पहिले आणि शेवटचे अक्षर गाळले की ‘होरा’ उरतो, तो पश्चिमेकडे गेला आणि त्याचा ‘अवर’ झाला.

ही व्युत्पत्ती आजची नाही. सहाव्या शतकात वराहमिहिराने बृहज्जातकात तिचा उल्लेख केला आहे. पण ‘काही जण असे म्हणतात’ अशा शब्दांत. वराहमिहिर यवनांच्या, म्हणजे ग्रीकांच्या ज्योतिषाचा जाणकार होता आणि त्यांच्या विद्येला त्याने मोकळेपणाने मान दिला आहे. ग्रीक भाषेत ‘होरा’ हा शब्द होमरच्या काव्यांइतका जुना आहे. तेव्हा त्याचा अर्थ ऋतू असा होता. पुढे तो दिवसातल्या वेळेला आणि नंतर दिवसाच्या बाराव्या भागाला लागला. ग्रीकातून तो लॅटिनमध्ये गेला, लॅटिनमधून जुन्या फ्रेंचमध्ये आणि तिथून इंग्रजीत. इंग्रजी स्पेलिंगमधले न उच्चारले जाणारे ‘एच’ हे अक्षर त्या लॅटिन ‘होरा’चा उरलेला ठसा आहे. जर्मनमध्ये घड्याळाला ‘ऊर’ म्हणतात, तोही याच ‘होरा’चा वंशज.

शब्दांचा प्रवास कुठून कुठे झाला याबद्दल वाद घालता येतो. सुदैवाने इथे एक गणिती पुरावाही आहे, आणि तो पाचवी-सहावीची मुले स्वतः तपासू शकतात.

आठवड्याचे वार ज्या क्रमाने येतात तो क्रम कुठून आला? पृथ्वी मध्यभागी मानून, आकाशात सर्वांत सावकाश सरकणाऱ्यापासून सर्वांत वेगाने सरकणाऱ्यापर्यंत ग्रह मांडले तर क्रम येतो: शनी, गुरू, मंगळ, रवी, शुक्र, बुध, चंद्र. यात शनिवारनंतर रविवार येण्याचे कारण दिसत नाही. आता दिवसाच्या २४ होरांना हे ग्रह क्रमाने स्वामी म्हणून वाटा आणि पहिल्या होरेच्या स्वामीचे नाव त्या दिवसाला द्या. शनिवारची पहिली होरा शनीची. सात ग्रहांच्या तीन फेऱ्यांत २१ होरा संपतात, उरतात तीन. म्हणून दुसऱ्या दिवसाची पहिली होरा शनीपासून मोजून चौथ्या ग्रहाची, म्हणजे रवीची. रवीपासून चौथा चंद्र. चंद्रापासून (यादी संपली की पुन्हा शनीपासून सुरू करायचे) चौथा मंगळ. सगळे वार आपल्या जागी येतात. आर्यभटाने कालक्रियापादात ‘चौथा ग्रह दिवसाचा स्वामी’ हाच नियम दिला आहे.

आता हेच गणित आपल्या जुन्या ६० घटिकांवर करून पाहा. साठाला सातने भागले की बाकी चार उरते, म्हणून दुसरा दिवस पाचव्या ग्रहाचा. शनीपासून पाचवा शुक्र. शनिवारनंतर शुक्रवार, मग गुरुवार, मग बुधवार! आठवडा उलटा चालू लागतो. ३० मुहूर्त घेतले तर बाकी दोन, आणि शनिवारनंतर मंगळवार. आठ प्रहर घेतले तर बाकी एक, आणि शनिवारनंतर गुरुवार. आपल्याला ठाऊक असलेला क्रम केवळ चोवीसातून निघतो.

वेदांगज्योतिषात आणि कौटिलीय अर्थशास्त्रात दिवसाचे भाग मुहूर्त आणि नाडिका यांत मोजलेले आहेत, चोवीस होरांत नाही. इटलीतले पॉम्पेई शहर इ.स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गेले. त्याच्या भिंतींवर ग्रहांच्या नावांचे वार खरडलेले सापडले आहेत. भारतात वाराचा उल्लेख असलेला सर्वांत जुना, तारखेची खात्री असलेला लेख म्हणजे मध्य प्रदेशातल्या एरण येथील बुधगुप्ताचा स्तंभलेख. त्याचे साल इ.स. ४८४ आणि वार गुरुवार. तेव्हा चोवीस होरा, त्यांचे नाव आणि वारांचा क्रम हा सगळा संच एकत्रच बाहेरून आला, असे मानावे लागते. ‘अहोरात्र’वाल्या व्युत्पत्तीला या हिशेबात जागा सापडत नाही.

याच वाटेने आणखीही शब्द आले. वर्तुळाचे ‘केंद्र’ हे ग्रीक ‘केंत्रोन’. अंशाच्या साठाव्या भागाला संस्कृतात ‘कला’ या शब्दाबरोबर ‘लिप्ता’ असेही म्हणतात. ते ग्रीक ‘लेप्तोन’, म्हणजे बारीक. त्याच ‘लेप्तोन’चे लॅटिनमध्ये भाषांतर झाले: ‘पार्स मिनुटा प्रिमा’, म्हणजे पहिला बारीक भाग. त्यातला ‘मिनुटा’ म्हणजे आपले मिनिट. त्याचा पुन्हा साठावा भाग ‘पार्स मिनुटा सेकुंडा’, दुसरा बारीक भाग. त्यातला ‘सेकुंडा’ म्हणजे सेकंद. इंग्रजीत ‘सेकंड’ या शब्दाचे ‘दुसरा’ आणि ‘क्षण’ असे दोन अर्थ का, हे मुलांना यावरून सांगता येते. आणि देवाणघेवाण एकतर्फी नव्हती. त्रिकोणमितीतला ‘साइन’ हा आपल्या ‘ज्या’ किंवा ‘जीवा’ या शब्दाचा अरबीतून लॅटिनमध्ये जाताना झालेला चुकीचा अनुवाद आहे. अरबांनी ‘जीब’ असे लिहिले, ते ‘जैब’ असे वाचले गेले, आणि जैब म्हणजे खळगा किंवा कपड्याचा घोळ म्हणून लॅटिनमध्ये ‘सायनस’ झाले.

होरा संस्कृतात आली, पण मराठी माणसाच्या रोजच्या बोलण्यात तिने वेळेचे माप म्हणून घर केले नाही. ज्योतिषाच्या पोथीत ती राहिली आणि तिथून ‘आमचा होरा चुकला’ अशी अंदाजाच्या अर्थाने बाहेर पडली. रोजच्या व्यवहारात माप होते घटकेचे आणि प्रहराचे.

घटका म्हणजे २४ मिनिटे, अहोरात्राचा साठावा भाग. नाव मात्र वेळेचे नाही, भांड्याचे आहे. घट, घटी, घटिका: लहान पात्र. तळाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी पाण्याने भरलेल्या घंगाळात सोडायची. ती हळूहळू भरते आणि बुडते. ‘घटका भरली’ हा वाक्प्रचार म्हणूनच शब्दशः खरा आहे. घटकेचा साठावा भाग पळ, म्हणजे २४ सेकंद. पळ हे वजनाचेही नाव होते.

ही वाटी किती मोठी असावी? आठव्या शतकाच्या सुमारास होऊन गेलेल्या लल्लाने आणि त्याच्या वाटेने जाणाऱ्यांनी नेमकी मापे दिली आहेत: दहा पळे तांबे, सहा अंगुळे उंची, आणि सव्वातीन माषांहून किंचित जास्त सोन्याची चार अंगुळे लांब तार जाईल एवढे भोक. बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी सिद्धांतशिरोमणीच्या यंत्राध्यायात ही सगळी मापे गाळली. युक्तीला धरून नाहीत आणि करायलाही अवघड, असा त्यांचा अभिप्राय. त्यांचे सांगणे साधे आहे. तांब्याची, अर्ध्या घटासारखी, तळाला भोक असलेली वाटी घ्या. एका अहोरात्रात ती किती वेळा बुडते ते मोजा. त्या संख्येने अहोरात्राला भागा. जे उत्तर येईल ते तुमच्या वाटीचे माप.

प्रयोगशाळेत काम करणाऱ्या कोणालाही हे वाचून बरे वाटेल. उपकरण कागदावरच्या मापाबरहुकूम झाले म्हणून त्याच्यावर विश्वास ठेवायचा नसतो; माहीत असलेल्या राशीशी त्याचा मेळ घालायचा असतो. यालाच आपण आज अंशांकन म्हणतो. भास्कराचार्यांपाशी माहीत असलेली राशी एकच होती, सूर्योदयापासून सूर्योदयापर्यंतचा काळ, आणि ती फुकट उपलब्ध होती.

वाटीची निवडही शहाणपणाची आहे. भोक पाडलेल्या भांड्यातून पाणी बाहेर जाऊ दिले तर पातळी उतरते तसा प्रवाह मंदावतो. तरंगणाऱ्या वाटीत उलट घडते. वाटी जड होत जाते तशी खाली जाते, त्यामुळे आतल्या आणि बाहेरच्या पाण्याच्या पातळीतला फरक टिकून राहतो. सरळ बाजूंच्या भांड्यात तो पूर्ण स्थिर असतो, कारण आर्किमिडीजच्या नियमाप्रमाणे त्या फरकाएवढ्या पाण्याचे वजन रिकाम्या भांड्याच्या वजनाइतके असावे लागते. फरक स्थिर तर प्रवाह स्थिर. गोल वाटीत तो थोडा बदलतो, पण दर वेळी सारख्याच रीतीने. श्रीखंडाच्या रिकाम्या डब्याला तापलेल्या सुईने भोक पाडून हा प्रयोग वर्गात होतो. प्लॅस्टिक पाण्याहून हलके असल्यास डबा बुडत नाही, म्हणून तळाशी दोन-चार खडे ठेवावेत. भोकात कचरा अडकला की घटका लांबते. लीलावतीच्या लग्नघटिकेत मोती अडकल्याची कथा सर्वांना ठाऊक आहे. ती फैजीने १५८७ मध्ये केलेल्या लीलावतीच्या फारसी भाषांतराबरोबर येते, भास्कराचार्यांच्या ग्रंथात नाही. पण रचणाऱ्याला हे यंत्र कुठे दगा देते ते पक्के माहीत होते.

वाटी बुडाली हे तिच्याशेजारी बसलेल्याला कळते. गावाला कसे कळणार? इथे तास येतो.

फारसी आणि अरबीत ‘तास’ म्हणजे धातूचे पसरट भांडे, वाटी, परात. हाच अरबी शब्द युरोपात गेला. इटालियनमध्ये ‘तात्सा’ आणि फ्रेंचमध्ये ‘तास’ म्हणजे कप. फ्रेंच माणसाने तास मागितला तर त्याला चहा हवा असतो. ढोलाबरोबरचा ‘ताशा’ही या भांड्याचाच, त्याचा आकार पाहिला की पटते. दिल्लीचा सुलतान फिरोजशाह तुघलक (राज्यकाल १३५१ ते १३८८) याने फिरोजाबादला वेळ जाहीर करण्याची व्यवस्था बसवली. शम्स सिराज अफीफ हा त्या राजवटीचा इतिहासकार तिला ‘तास-ए-घडियाल’ म्हणतो आणि ढगाळ दिवशीही नमाजाची वेळ कळते, असे तिचे फायदे मोजतो. (फिरोजच्या आधीचा सुलतान महंमद तुघलक. त्याचा पडलेला दात जिथे पुरला ती जागा बीडजवळ आजही दाखवतात. वेळेशी या दाताचा संबंध नाही, पण बीडच्या मुलांना तुघलक लक्षात राहायला त्याची मदत होते.)

बाबराने आपल्या आठवणींत या व्यवस्थेचे वर्णन बारकाईने केले आहे. परातीएवढी, दोन बोटे जाडीची पितळी थाळी उंच जागी टांगलेली. तिचे नाव घडियाल, वाजवणारा घडियाली. वाटी बुडेल तसे टोले पडत. अडचण अशी की घटिकांचे टोले प्रत्येक प्रहरात पुन्हा एकपासून सुरू होत. रात्री जाग आलेल्याला ‘चार’ ऐकू आले तरी ते कोणत्या प्रहरातले चार हे कळत नसे. बाबराने हुकूम दिला की घटिकेचे टोले झाल्यावर थोडे थांबून प्रहराचे टोलेही द्यावेत. आजच्या घड्याळातले तास-मिनिटांचे दोन आकडे कानाने ऐकवण्याची ही युक्ती होती.

मराठीत तास या शब्दाने आधी ही थाळीच दाखवली जाई. जुन्या कोशांत तो अर्थ नोंदलेला आहे. आयुष्य सरत चालल्याची जाणीव देणारे एक जुने भजन अनेकांनी लहानपणी ऐकले असेल. त्यात घटका आणि पळे ‘जातात’, पण तास ‘वाजतो’. पुढे कचेऱ्या, लष्कर आणि रेल्वे यांच्याबरोबर साठ मिनिटांचा काळ आला, तेव्हा त्याला वेगळे नाव शोधावे लागले नाही. थाळीवर जे वाजले ते तास.

असे करणारे मराठी लोक एकटे नाहीत. हिंदी-उर्दूत घंटा म्हणजे घंटाही आणि तासही. तेलुगूत ‘गंट’, कन्नडमध्ये ‘गंटे’, बंगालीत ‘घंटा’. तमिळमध्ये ‘मणि’ म्हणजे घंटा आणि तास दोन्ही. गुजरातीतला ‘कलाक’ वरवर वेगळा दिसतो. तो इंग्रजी ‘क्लॉक’ आहे, आणि क्लॉक हा मुळात मध्ययुगीन लॅटिन ‘क्लोका’, म्हणजे पुन्हा घंटाच. आपले ‘घड्याळ’ही घटीच्या कुळातले आणि हिंदीतल्या थाळीवाचक घडियालचे भावंड. मनगटावर बांधून आपण जे फिरतो त्याला नाव आहे ते टांगलेल्या थाळीचे. झाडाला रुळाचा तुकडा टांगून तास संपल्याचा टोल देणारी शाळा या शब्दाचा मूळ अर्थच पाळत असते.

थाळी आणि वाटी यांनी वेळ समान तुकड्यांत कापली. प्रहर तसा नव्हता. दिवसाचे चार प्रहर सूर्योदय ते सूर्यास्त यांत बसवायचे, म्हणून ते उन्हाळ्यात लांब आणि हिवाळ्यात आखूड. बीड १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. तिथे जूनमध्ये सर्वांत मोठा दिवस सुमारे सव्वातेरा तासांचा, म्हणजे ३३ घटिकांचा असतो आणि डिसेंबरमध्ये सर्वांत लहान दिवस ११ तासांचा, म्हणजे साडेसत्तावीस घटिकांचा. एक प्रहर तीन तास एकोणीस मिनिटांवरून पावणेतीन तासांवर येतो. दोन प्रहर संपले की सूर्य माथ्यावर, म्हणून ती ‘दुपार’. इंग्रजी ‘नून’ मात्र जागेवर राहिला नाही. तो लॅटिनमधली ‘नववी होरा’ आहे, म्हणजे सूर्योदयापासून नववी, दुपारी तीनची. ती सरकत सरकत बारावर आली.

बीडची दुपार बाराला होत नाही, हे मात्र मुलांनी मोजून पाहावे. बीडच्या अभिमानाची एक गोष्ट सांगितली जाते की भास्कराचार्यांचे विज्जलविड म्हणजे बीड. काही अभ्यासकांचे तसे मत आहे. इतर काही जण चाळीसगावजवळच्या पाटणकडे बोट दाखवतात. तिथे भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ स्थापल्याचा १२०७ चा शिलालेख आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो उजेडात आणला. नातवाचा मठ जिथे तिथेच आजोबांचा जन्म, असे अर्थात सिद्ध होत नाही. आम्हाला या वादापेक्षा नकाशावरची एक गोष्ट अधिक मोलाची वाटते. प्राचीन भारतीय ज्योतिषाचे शून्य रेखावृत्त उज्जैनवरून जाते. उज्जैनचे रेखांश सुमारे ७५.७७ अंश पूर्व आणि बीडचे ७५.७५. दोन्हींच्या स्थानिक वेळेत पाच-सात सेकंदांचा फरक. भास्कराचार्य कुठेही जन्मले असोत, त्यांच्या गणितातली देशांतराची दुरुस्ती बीडला जवळजवळ शून्य आहे.

१ जानेवारी १९०६ पासून भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखावृत्तावरून धरतात. बीड त्याच्या पावणेसात अंश पश्चिमेला. एका अंशाला चार मिनिटे या हिशेबाने फरक २७ मिनिटांचा, एका घटकेहून थोडा जास्त. म्हणून बीडला सरासरी मध्यान्ह १२ वाजून २७ मिनिटांनी होते. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आणि अक्ष कललेला असल्याने ही वेळही वर्षभर हलते: फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात १२ वाजून ४१, नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात १२ वाजून ११. मैदानात सरळ काठी रोवून साडेअकरापासून दर पाच मिनिटांनी सावलीचे टोक खुणावत गेले, तर सर्वांत आखूड सावली कोणत्या खुणेची ते दिसते. टोकाजवळ सावलीची लांबी फार सावकाश बदलते, त्यामुळे नेमके मिनिट हाती लागत नाही. मध्यान्हाच्या आधी आणि नंतर सारख्या लांबीच्या दोन सावल्या शोधून त्यांच्या वेळांचा मध्य काढावा. तो एक-दोन मिनिटांपर्यंत बरोबर येतो.